विश्लेषण : जुन्या डिझेल व्हॅनला कोणती बॅटरी? ‘जास्त एएच’ हेच उत्तर का नाही?

किल्ली फिरवली, सेल्फने नुसता ‘कट्’ आवाज केला आणि गाडी गप्प झाली, की पहिला संशय बॅटरीवर जातो. पावसाळ्यात तर हा प्रसंग हमखास येतो. दुकानात गेले की ‘मोठी टाका, टेन्शन नाही’ असा सल्ला मिळतो आणि काही हजार रुपये खर्चूनही महिनाभरात तोच ‘कट्’ पुन्हा ऐकू येतो. वसई-विरार पट्ट्यात मॅटाडोर, ट्रॅव्हलर, ट्रॅक्स, सुमो, बोलेरो अशा जुन्या डिझेल गाड्या आजही धावतात. वसई कार्यालयाची एमएच-४८ ही मालिका सुरू होण्यापूर्वीच्या अनेक गाड्यांवर ठाण्याची एमएच-०४ ही पाटी आहे. यातील काही भाजी-फुले वाहतात, काही कॅटरिंगच्या कामाला आहेत, तर काहींचे मुक्कामाच्या सोयीच्या कॅम्पर व्हॅनमध्ये रूपांतर झाले आहे. अशा गाडीची बॅटरी निवडताना नेमके काय पाहावे, याविषयी…

डिझेल गाडीला बॅटरीचा जोर जास्त का लागतो?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा प्रचंड दाबली जाते, त्यामुळे ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल पेटते. पेट्रोल इंजिनात हवा साधारण नऊ ते अकरा पट दाबली जाते, तर जुन्या डिझेल इंजिनात १७ ते २२ पट. हा दाब तयार होण्यासाठी सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवावे लागते. वेग कमी पडला तर दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, इंजिन फिरत राहते पण पेटत नाही. त्यात जुन्या इंजिनांना आधी हीटर प्लग तापवावे लागतात. चार प्लग मिळून काही सेकंद चाळीस-पन्नास अँपिअर घेतात. त्यानंतर लगेच सेल्फला २०० ते ४०० अँपिअर हवे असतात.

एएच आणि सीसीए यात फरक काय?

बॅटरीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा एएच, म्हणजे अँपिअर-तासांचा असतो. ८० एएचची बॅटरी चार अँपिअरच्या संथ गतीने २० तास पुरते, असा त्याचा अर्थ. ही साठवण झाली, जोर नव्हे. गाडी सुरू करायला साठवण फारशी लागतच नाही. ३०० अँपिअर चार सेकंद घेतले तर जेमतेम एक तृतीयांश एएच खर्च होतो.

एका झटक्यात किती करंट देता येईल, हे सीसीए या आकड्यावरून कळते. उणे १८ अंश सेल्सियसला, १२ व्होल्टची बॅटरी ३० सेकंद ७.२ व्होल्टच्या खाली न जाता जितका करंट देते, तो तिचा सीसीए. वसईत कडाक्याची थंडी पडत नाही, मग हा आकडा कशाला पाहायचा? कारण बॅटरीचा अंतर्गत रोध किती कमी आहे, हे त्यावरून समजते. सारख्या एएचच्या दोन बॅटऱ्यांत जिचा सीसीए जास्त, ती जड डिझेल इंजिन अधिक जोमाने फिरवेल. मात्र तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मानकानुसार मोजलेले आहेत ना, हे पाहावे. अमेरिकी आणि युरोपीय पद्धतींतील आकडे सारखे नसतात.

मोठी बॅटरी टाकल्याने सेल्फ जळतो का?

नाही. सेल्फ त्याला लागेल तेवढाच करंट खेचतो. बॅटरी १२ व्होल्टचीच असेल तर थोडी मोठी टाकल्याने सेल्फ किंवा अल्टरनेटर बिघडत नाही. खरी मर्यादा आहे ती ट्रेची. बॅटरी ट्रेमध्ये नीट बसली नाही आणि पट्टीने घट्ट आवळली गेली नाही, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर आतल्या प्लेट हादरून लवकर निकामी होतात. गाडीच्या पुस्तिकेतील क्षमतेपेक्षा लहान बॅटरी मात्र टाकू नये.

जपानी पद्धतीच्या क्रमांकात आकार दडलेला असतो. ‘८०डी२६’मधील ‘डी’ हा रुंदी-उंचीचा गट, तर २६ ही सेंटिमीटरमधील लांबी. शेवटचे एल किंवा आर हे अक्षर टर्मिनलची दिशा सांगते. या अक्षरावर विसंबण्यापेक्षा जुन्या बॅटरीचा फोटो काढून न्यावा आणि प्लस टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते ताडून पाहावे. दिशा उलटी असेल तर केबल पोहोचत नाही. ती ओढून चुकीच्या टोकाला लावली, तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. डिन पद्धतीच्या बॅटरीला खालून धरणारी पट्टी लागते, जपानी पद्धतीच्या बॅटरीला वरून. म्हणून पकडही पाहून घ्यावी.

दोष बॅटरीचाच आहे, हे कसे ओळखायचे?

साध्या मल्टीमीटरने तीन मोजण्या करता येतात. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी टर्मिनलवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ म्हणजे जवळपास उतरलेली. दुसरी मोजणी सेल्फ मारताना. भरलेली बॅटरीही साडेनऊ व्होल्टच्या बरीच खाली कोसळत असेल तर ती थकली आहे. तिसरी मोजणी इंजिन सुरू असताना. तेव्हा १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून कमी दिसले तर दोष अल्टरनेटर, बेल्ट किंवा वायरिंगमध्ये आहे. नवी बॅटरीही मग काही दिवसांत उतरेल. १५ व्होल्टच्या आसपास दिसले तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीतील पाणी आटवतो.

वसई, अर्नाळा, नायगाव या किनारपट्टीत आणखी एक दोष वारंवार आढळतो, तो म्हणजे खारट, दमट हवेने गंजलेले टर्मिनल आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी. गंजामुळे जोडात केवळ एक शतांश ओहमचा रोध आला, तरी २५० अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सेल्फपर्यंत उरते ते अपुरे. टर्मिनल गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुऊन, घासून, व्हॅसलीन लावणे आणि अर्थिंगची पट्टी बदलणे हा खर्च बॅटरीच्या तुलनेत नगण्य आहे. तो आधी करावा.

पावसाळ्यात बॅटरी का उतरते?

महामार्गावर कोंडीत अडकलेल्या गाडीचे दिवे, वायपर, ब्लोअर एकाच वेळी सुरू असतात. जुना अल्टरनेटर आयडलिंगला त्याच्या क्षमतेचा जेमतेम काही भाग देतो. उरलेला भार बॅटरीवर पडतो. रोजचा प्रवास वसई ते नालासोपारा इतकाच असेल तर ती पुन्हा पूर्ण भरतही नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो आणि क्षमता कायमची घटते. उन्हाळ्यात इंजिनाशेजारची उष्णता वेगळे नुकसान करते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की आतली झीज जवळपास दुप्पट होते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवायला हवा. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी वाचते, इंजिन जाते.

कॅम्पर व्हॅनसाठी एकच बॅटरी पुरते का?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर या गाड्यांबद्दलचे कुतूहल वाढले. मात्र गाडी सुरू करणारी बॅटरी मुक्कामाच्या कामाची नसते. तिच्या प्लेट पातळ असतात. त्या झटक्यात जोर देतात, पण वारंवार खोलवर उतरल्या की लवकर मरतात. पंखा, दिवे आणि छोटा फ्रिज मिळून सरासरी चार अँपिअर धरले, तरी दहा तासांत ४० एएच जातात. म्हणजे ८० एएचची बॅटरी सकाळी निम्मी. म्हणून मुक्कामासाठी डीप-सायकल प्रकारची वेगळी बॅटरी असावी आणि इंजिन बंद होताच दोन्हींना वेगळे करणारा रिले हवा. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर रिले पुरेसा नाही. ती जुन्या अल्टरनेटरकडून इतका करंट खेचते की तो तापून जळू शकतो. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

न वापरलेल्या गाडीतही जीपीएस किंवा म्युझिक सिस्टीम बॅटरी खात असते. अवघा पाव अँपिअर गेला तरी दिवसाला सहा आणि आठवड्याला ४२ एएच संपतात.

एजीएम घ्यावी की साधी?

एजीएम आणि ईएफबी हे प्रकार प्रामुख्याने सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांसाठी आहेत. जुन्या डिझेल व्हॅनला चांगल्या प्रतीची, मेंटेनन्स-फ्री किंवा पाणी टाकता येणारी लेड-ॲसिड बॅटरी पुरेशी असते. इंजिनाजवळच्या उष्णतेत एजीएमचे जादा पैसे वसूल होण्याची शाश्वती नाही.

खरेदी करताना काय तपासावे?

उत्पादनाचा महिना विचारून घ्यावा. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी नवी नसते. वॉरंटी ‘३० अधिक ३० महिने’ असेल तर पहिल्या टप्प्यात मोफत बदल आणि दुसऱ्यात केवळ किमतीत सवलत, असा बहुधा त्याचा अर्थ असतो. व्यावसायिक गाडीला वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे कार्डावर गाडीचा क्रमांक व तारीख लिहून घ्यावी. लेड-ॲसिड बॅटरीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, बिलात तो पाहावा. २४ व्होल्टच्या मिनीबसमध्ये दोन बॅटऱ्या असतात. त्या एकाच वेळी, सारख्याच बदलाव्यात.

बसवताना मायनस केबल आधी काढावी आणि शेवटी लावावी. नाही तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. इंजिन सुरू असताना केबल काढून ‘डायनॅमो तपासण्याची’ गॅरेजमधली जुनी पद्धतही टाळावी, त्याने अल्टरनेटर खराब होऊ शकतो.

जुन्या बॅटरीचे काय?

तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, म्हणून दुकानदार बदल्यात सूट देतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ग्राहकाने ती घरच्या कचऱ्यात न मिसळता अधिकृत यंत्रणेकडे द्यायची आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती फोडणाऱ्या भंगारवाल्याला दिली, तर ॲसिड आणि शिसे शेवटी आपल्याच गटारात, विहिरीत उतरते. सूट बिलावर लिहून घेऊन बॅटरी दुकानातच द्यावी.