तांदूळ, नाचणी आणि जोंधळा

कर्नाटकाच्या अन्नाविषयी महाराष्ट्रात जो समज रूढ आहे तो बव्हंशी उडुपी उपाहारगृहांनी घडविलेला आहे. आणि ज्यांच्या इडली-डोशावर मुंबई-पुण्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या त्यांच्याविषयी पूर्ण कृतज्ञता बाळगूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, किनाऱ्यावरील एका चिंचोळ्या मुलुखातील या पाकपरंपरेकडे साऱ्या प्रांताचे प्रतिनिधित्व गेल्यामुळे घाटावरची नाचणी आणि जोंधळा, व त्यांच्या आधाराने उभे राहिलेले अन्नजीवन, परक्यांच्या दृष्टिआड राहिले.

उडुपीचे यश मात्र निखळ गुणवत्तेचे आहे. तेथील कृष्णमंदिराच्या अष्टमठांपैकी एकेका मठाकडे दोन-दोन वर्षे पाळीने येणारी कृष्णपूजा आणि तिच्याबरोबर चालणारे अन्नदान यांतून कांदा-लसूण वर्ज्य करूनही रुची साधणारे आचारी तयार झाले. त्याच परिसरातून आलेल्या मैया बंधूंनी १९२४ साली बेंगळुरात जे उपाहारगृह काढले, तेच पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स या नावाने विख्यात झाले. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ दुर्मिळ झाला असता तेथे रव्याची इडली सिद्ध झाली. आणीबाणीत सरकारी हुकुमाने दर बांधले गेले तेव्हा दर्जा उतरविण्यापेक्षा तोटा सोसणे, आणि तेही अशक्य झाल्यावर दार लावून तयार पिठांच्या व्यवसायाकडे वळणे, त्या घराण्याने पत्करले. व्यापारातील अशी निष्ठा मला अत्यंत आदरणीय वाटते.

परंतु त्याच शहरात, जुन्या म्हैसूर मुलुखाच्या रीतीप्रमाणे, सामिष जेवण देणाऱ्या गृहांना ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणतात, आणि त्यांचा इतिहास अद्याप कोणी आस्थेने लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. त्या इतिहासाचा एक धागा मराठ्यांपर्यंत जातो. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बेंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेथील मराठा वस्ती पुढे कन्नड जीवनात मिसळून गेली, आणि १९३५ सालचे शिवाजी मिलिटरी हॉटेल तर आपले नावच त्या स्मृतीतून घेते. पानांच्या द्रोणात वाढलेली, आखूड तांदळाची बिर्याणी ही या गृहांची ख्याती खरी. तथापि त्यांचे खरे अधिष्ठान म्हणजे रागी मुद्दे. आधणात नाचणीचे पीठ ढीग करून सोडावे, न ढवळता वाफेवर शिजू द्यावे, मग लाकडी दांड्याने घोटून ओल्या हाताने गोळा वळावा. आणि जेवणाऱ्याने त्याचा तुकडा मटणाच्या सारात किंवा पालेभाजीच्या ‘सोप्पिन सारू’त बुडवून, न चावता, गिळावा. देशातील निम्म्याहून अधिक नाचणी कर्नाटकात पिकते. अल्प पावसात तग धरणाऱ्या या धान्याचे उत्पन्न वाढविण्यासाठी मंड्याच्या संशोधनक्षेत्रावर लक्ष्मणय्या यांनी भारतीय व आफ्रिकी वाणांचा संकर करून ‘इंडाफ’ जाती निर्माण केल्या, आणि त्यामुळे दक्षिणेतील कोरडवाहू शेतकऱ्याचे ताट भरले. कोणत्याही विख्यात आचाऱ्याइतकाच या शास्त्रज्ञाचा अधिकार खाद्येतिहासात मानावा लागेल.

धारवाड, विजापूर, कलबुर्गीकडे वळताच तांदूळ मागे पडून जोंधळा येतो. धारवाड-विजापूर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, कलबुर्गी हैदराबाद संस्थानातून आले. पण तेथील लिंगायत खानावळीतील जोळद रोट्टी (जोंधळ्याची भाकरी), भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी सोलापूरच्या माणसाला घरचीच वाटते. याच भागातील स्त्रिया पातळ थापून, वाळवून केलेल्या कडक रोट्ट्या गठ्ठ्यांनी विकतात. त्या दीर्घकाळ टिकतात, म्हणून परगावी शिकणाऱ्या मुलांच्या आणि प्रवासाला निघालेल्यांच्या शिदोरीत आजही त्याच बांधल्या जातात.