नंदीच्या डोंगरावर एक दिवस

उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी नाही. डोंगर लोक पूर्वीही चढत. पण ते देवदर्शनासाठी, गड राखण्यासाठी किंवा गुरे चारण्यासाठी. केवळ हवापालट व्हावा म्हणून डोंगरावर जावे, ही कल्पना रूढ झाली ती इंग्रजांच्या अमदानीत. सखल प्रदेशातील उष्मा त्यांना सोसवेना. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर वसू लागले. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानला पोहोचले आणि तेथेही बंगले उभे राहिले. म्हैसूर संस्थानात असाच मान नंदीच्या डोंगराला मिळाला. १८३४ ते १८६१ या काळात तेथे कमिशनर असलेले सर मार्क कबन यांनी या डोंगरावर आपला बंगला बांधला. माथ्यावरील टिपू सुलतानचा लहानसा उन्हाळी महाल मात्र त्याहून जुना आहे.

बंगळुरू शहराच्या उत्तर भागात हेब्बाळ आहे. तेथील तलाव ओलांडून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येलहंका, देवनहळ्ळी ही गावे मागे टाकतो आणि पुढे नंदीचा फाटा लागतो. हेब्बाळपासून डोंगर सुमारे ५० किलोमीटर. कन्नड भाषेत याला ‘नंदीबेट्ट’ म्हणतात. बेट्ट म्हणजे डोंगर. नोकरीधंद्यानिमित्त या भागात राहणाऱ्या मराठी माणसाला महाबळेश्वर किंवा आंबोली एका रविवारात साधण्यासारखी नाही, नंदी साधते. ज्याला आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळतो, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. ‘उन्हाळ्याची सुटी’ हे शब्द शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आणि पगारी रजा असणाऱ्यांसाठी आहेत, असे काम करणाऱ्या अनेकांना वाटते.

डोंगरावर हवा थंड का असते? सूर्याच्या अधिक जवळ गेल्यावर खरे तर अधिक तापावे, अशी शंका एखाद्याला येईल. पण सूर्यकिरणांनी मुख्यतः जमीन तापते आणि हवा त्या जमिनीमुळे तापते. तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. साधारणतः दर हजार मीटर उंचीला तापमान सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. हेब्बाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि नंदीचा माथा १४७८ मीटर उंचीवर. म्हणजे हेब्बाळला पारा ३४ अंशांवर असेल, तर माथ्यावर तो ३० अंशांच्या आसपास असावा. फरक साडेतीन-चार अंशांचाच. परंतु मोकळा वारा आणि झाडांची सावली यांमुळे तो शरीराला अधिक जाणवतो.

केवळ उंचीवर मात्र सारे अवलंबून नसते. युरोपातील आल्प्स पर्वतात दावोस नावाचे गाव आहे. त्याची उंची सुमारे १५६० मीटर, म्हणजे नंदीपेक्षा फार अधिक नाही. तरी तेथे हिवाळाभर बर्फ साचलेले असते; कारण ते विषुववृत्तापासून फार दूर, उत्तरेकडे आहे. क्षयरोगावर औषध सापडले नव्हते त्या काळात रुग्णांना दावोसला पाठवीत. घोंगड्या पांघरून, उघड्या सज्जात, स्वच्छ हवेत तासन्‌तास पडून राहणे हाच तेथील मुख्य उपचार होता. त्याच आल्प्समध्ये गुराखी उन्हाळा लागताच गाई घेऊन उंचावरील कुरणांत जातात आणि शरदऋतूत खाली उतरतात. थोडक्यात, ज्याला आज आपण मौजेचे ठिकाण म्हणतो, ते मुळात कोणासाठी औषध होते, तर कोणासाठी कामाची जागा.

नंदीच्या डोंगरानेही एका रुग्णाला असाच आश्रय दिला होता. १९२७ च्या मार्च महिन्यात महात्मा गांधी खादीच्या प्रचारासाठी महाराष्ट्रात व सीमाभागात दौरा करीत होते. सतत प्रवास, रोज सभा, अपुरी झोप. अखेर रक्तदाब वाढून त्यांची प्रकृती ढासळली. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. प्रथम त्यांना सावंतवाडीजवळच्या आंबोली या थंड हवेच्या ठिकाणी ठेवण्यात आले आणि नंतर, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, नंदीच्या डोंगरावर नेण्यात आले. जूनच्या आरंभापर्यंत ते तेथे राहिले. पत्रलेखन, सूतकताई, प्रार्थना आणि झेपेल तेवढे चालणे, असा त्यांचा दिनक्रम होता. १९३६ च्या मे महिन्यात ते पुन्हा येथे विश्रांतीसाठी आले; तेव्हा शास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन त्यांच्या भेटीस आले होते. क्षणभरही रिकामे न बसणाऱ्या माणसालाही विश्रांती हा उपचार म्हणून घ्यावा लागला. शरीराचे हे नियम हमालाला, शिवणकाम करणाऱ्या बाईला आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही तेवढेच लागू आहेत. त्यांना विश्रांती लिहून देणारे डॉक्टर मात्र क्वचितच भेटतात.

मग एका दिवसात तेथे करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे पहाटे निघावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहापर्यंतची वेळ खरी सुखाची असते. वाहनाने वळणावळणांच्या घाटरस्त्याने वर जाता येते. ज्याचे गुडघे धड आहेत, त्याने पायथ्याच्या सुलतानपेटहून जुन्या पायऱ्यांची वाट धरावी. चढताना घाम येतो, पण वाटेत थांबले की वारा लागतो, आणि ते सुख मोटारीत मिळत नाही. ढगांचा समुद्र पायाखाली पाहण्याच्या आशेने उन्हाळ्यात आलेले लोक बहुधा निराश होतात. ते दृश्य पावसाळ्यात आणि हिवाळ्यातच अधिक दिसते. उन्हाळ्यात मिळते ती स्वच्छ पहाट.

वर योगनंदीश्वराचे मंदिर आहे. अमृतसरोवर नावाची, चहूबाजूंनी पायऱ्या बांधलेली पुष्करणी आहे. कड्याच्या टोकाला ‘टिपू ड्रॉप’ म्हणतात आणि तेथे नेहमीच गर्दी असते. दहा मिनिटांत छायाचित्रे काढून परतणाऱ्यांचा हा रस्ता सोडून जुन्या झाडांखाली बसावे. पिवळ्या गळ्याचा बुलबुल हा दक्षिण भारतातील मोजक्याच खडकाळ टेकड्यांवर आढळणारा पक्षी येथे दिसू शकतो. त्यासाठी दुर्बिणीपेक्षा शांत बसण्याची तयारी अधिक हवी. बरोबर एखादे पुस्तक असावे. काहीच न करता पडून राहिले तरी चालेल.

काही गोष्टींचे भान ठेवावे. हवा गार असली तरी वरचे ऊन त्वचेला अधिक भाजते, म्हणून डोके झाकावे आणि पाणी बरोबर न्यावे. दुपारनंतर वळवाचा पाऊस गडगडाटासह येतो. अशा वेळी उघड्या खडकावर थांबणे जिवावर बेतू शकते. माकडांसमोर डबा उघडू नये. पावसाळ्यात येणाऱ्यांनी घाटाची चौकशी आधी करावी. ऑगस्ट २०२१ मध्ये दरड कोसळून हा रस्ता बंद पडला होता.

निघण्यापूर्वी तटाशी उभे राहून एकदा खालचा मुलूख पाहावा. उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी, अर्कावती, पालार, चित्रावती या नद्या याच डोंगररांगेत उगम पावतात. १८९४ मध्ये बंगळुरूला नळाने पाणी मिळू लागले, ते अर्कावतीवरील हेसरघट्टा तलावाचे. आज या नद्या वर्षातील बराच काळ कोरड्या असतात. पायथ्याच्या गावांत द्राक्षांचे मळे आहेत आणि विंधनविहिरी खोल खोल जात आहेत. या जिल्ह्यातील कित्येक तलाव आता हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून, ते उलट दिशेने वर चढवून भरले जातात. उन्हात चकाकणारे जे तळे माथ्यावरून दिसते, त्यात कदाचित आपल्याच मोरीतून गेलेले पाणी असेल.

परतीच्या वाटेवर पायथ्याच्या नंदी गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याचा दगडी मंडप भर दुपारीही गार असतो. देवनहळ्ळीला पपनस मिळाले, तर मुलांसाठी एक घ्यावे.