इष्टुर फाकडा: शत्रूला दिलेलं नाव

भोसरीहून कासारवाडीला यावं आणि लोणावळा लोकल पकडावी. तासाभराच्या आत तळेगाव, वडगाव येतं. १७७९ च्या जानेवारीत याच पट्ट्यात इंग्रजांची मुंबईची फौज पुण्याकडे सरकली, अडली आणि वाकली. तिच्यातला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मावळात ‘इष्टुर फाकडा’ झाला.

हे नाव टिंगलीचं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ‘इष्टुर’ हा स्टुअर्टचा इथल्या जिभेवर बसलेला उच्चार, ‘इस्टेशन’सारखाच. ‘फाकडा’ म्हणजे शूर, तडफदार, रुबाबदार गडी. नारायणराव पेशव्यांचे काका राघोबादादा यांच्या पक्षाचे सरदार मानाजी शिंदे हेही ‘फाकडे’ म्हणूनच ओळखले जातात. जे बिरुद आपल्या सरदाराला, तेच चालून आलेल्या परक्याला! मला या साऱ्या प्रकरणात ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या नावाची नोंद आहे. स्टुअर्ट मरून तेव्हा जवळजवळ अर्धशतक लोटलं होतं.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे: ही मराठे विरुद्ध इंग्रज अशी सरळ लढाई होती. मुळात हे घरचं भांडण. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा पेशवे झाले. बारभाईंनी त्यांना बाजूला सारून तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला. दादांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. चार वर्षांनी ते इंग्रजांच्या छावणीतूनच पुण्यावर येत होते. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके. कंपनीच्या पलटणींतही गोऱ्यांपेक्षा देशी शिपाई कितीतरी जास्त. दोन्हीकडे इथलीच माणसं होती, हे विसरून चालणार नाही. आणि बारभाई म्हणजे बारा सख्खे भाऊ नव्हेत. एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या आणि सरदारांच्या गटाला पडलेलं ते नाव.

इंग्रजांसाठी वापरला जाणारा ‘टोपीकर’ हा शब्द तरी शिवी होता का? नाही. टोपी घालणारे, एवढंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही इंग्रज, फिरंगी, वलंदेज यांच्यासाठी तो शब्द येतो. राज्यकारभारावरच्या गंभीर ग्रंथात शिवी अशी वावरत नाही.

शत्रूसाठीच्या आणखी एका शब्दाचंही तसंच. ‘गनिमी’ हा शब्द ‘गेरिला’वरून आला, असं सर्रास सांगितलं जातं. ‘गनीम’ अरबी-फारसीतून आला, अर्थ शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत, मराठेही आपल्या शत्रूला गनीमच म्हणत. ‘गेरिला’ हा स्पॅनिशमधला शब्द जगभर पसरला १८०८ नंतर, नेपोलियनविरुद्धच्या लढ्यातून. त्याचा अर्थ ‘छोटं युद्ध’. दोन्ही शब्दांचं नातं काही नाही.

आता स्टुअर्टच्या मरणाविषयी. स्मारक वडगावात असल्यामुळे तो वडगावच्या लढाईत पडला, असा समज आहे. तो पडला कार्ल्याला, ४ जानेवारीला. फौज त्यानंतर तळेगावपर्यंत पोचली. तिथे तिला जळलेलं गाव दिसलं. चिंचवड आणि पुणंही जाळायची मराठ्यांची तयारी असल्याच्या बातम्या आल्या. मग ती मागे फिरली, वडगावात कोंडली गेली आणि तिथेच तह झाला. तेव्हा स्मारकासाठी वडगावला उतरावं. पण तो जिथे पडला तिथे जायचं, तर गाडीतच बसून राहावं. कान्हे, कामशेत आणि मग कार्ल्याजवळचं मळवली.