चिपीचं तिकीट, अर्ध्या सीट्सचं गणित

गणपतीला गावी जायचं म्हणजे आम्हा कोकणवाल्यांची अर्धी लढाई रिझर्व्हेशनचीच. सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर बसायचं, क्लिक करायचं, आणि दोन मिनिटांत वेटिंग लिस्ट! तुमचंही असंच होतं ना?

२०२२ मध्ये मात्र बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. कुडाळपर्यंत आठ-दहा तास बसून जायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. म्हटलं, नो टेन्शन! ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळ सुरू झालाय, सव्वा तासात पोहोचू. ‘उडान’ योजनेत तिकीट अडीच हजारांच्या आसपास, असं ऐकून होते. साइट उघडली तर आकडा चौपट!

मग खरी गोम कळली. २०१६ मध्ये आलेल्या या योजनेत सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांची मर्यादा होती, पण ती निम्म्याच सीट्सना. बाकीच्या सीट्स मागणीनुसार महागतात. आपण ऑफिसात ‘बघू पुढच्या आठवड्यात’ करत बसतो, तोवर स्वस्तातल्या सीट्स गेलेल्या असतात. त्यात गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाताना विमान फुल्ल आणि मुंबईकडे येताना रिकामं. जाणाऱ्याच्या तिकिटात येणाऱ्या रिकाम्या खुर्च्यांचाही खर्च येतोच.

आणि वर्षातले बाकीचे दिवस? सत्तर-एक सीट्सचं छोटं विमान, त्यातही जागा शिल्लक. हा तोटा सरकार अनुदानातून भरून काढतं, पण तीन वर्षंच. पुढे प्रवासी आपले आपण मिळवायचे. २०२३ चा ‘कॅग’चा अहवाल वाचला आणि गप्पच झाले. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. मुंबई-चिपीची तीन वर्षं २०२४ च्या ऑक्टोबरात भरली आणि त्या सेवेलाही ब्रेक लागला.

तेव्हा आम्ही काय केलं? आई-बाबांची फक्त जातानाची तिकिटं काढली, मी स्लीपरने लटकत गेले. ‘ह्या पैशात घराची कौलां चाळून झाली असती!’ असं बाबा विमानात बसेपर्यंत ऐकवत होते. पण आरतीला ते स्वतःच्या पायांवर उभे होते. तो बोर्डिंग पास अजून गावच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे.

कोल्हापूर असो, जळगाव असो की नांदेड, तुमच्या गावाला विमान जात असेल तर सणाची वाट बघू नका. जून-जुलैतला एखादा वीकेण्ड पकडा, तिकीट दीड-दोन महिने आधी काढा. स्वस्तात पडेलच. शिवाय छोट्या मार्गाचं नशीब सणाच्या गर्दीवर नाही, एखाद्या साध्या मंगळवारी भरलेल्या सीट्सवर ठरतं. त्यातली एक तुमची असू दे!