कीटकांच्या दृष्टीतील रंग आणि गती : फळमाशीचे उदाहरण

प्रस्तावना :

कीटकांचे गतिवेदन रंगांध असते, असे विधान प्राणिशास्त्राच्या वर्गात आपण अनेक वर्षे करीत आलो आहोत. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. ड्रॉसोफिला या फळमाशीवरील संशोधनाच्या आधारे हे विधान कितपत टिकते, ते येथे पाहावयाचे आहे.

विवेचन :

फळमाशीच्या प्रत्येक संयुक्त नेत्रात सुमारे ७५० नेत्रिका असतात व प्रत्येक नेत्रिकेत आठ प्रकाशग्राही पेशी. बाहेरील सहा (आर-१ ते आर-६) विस्तृत तरंगलांबीच्या प्रकाशास प्रतिसाद देतात. गतिवेदन मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असते. आतील दोहोंपैकी आर-७ ही बहुतांशी अतिनील, तर आर-८ निळा किंवा हिरवा प्रकाश टिपते. या दोन पेशी रंगज्ञानासाठी, अशी ही रूढ वाटणी.

तिची परीक्षा घेण्याची रीत साधी, पण मार्मिक आहे. माशीभोवती दोन रंगांचे पट्टे फिरविले असता ती त्यांच्या दिशेने वळते. एका रंगाची तीव्रता बदलत नेल्यास असे एक प्रमाण सापडते की, तेथे हे वळणे जवळजवळ थांबते. रंग भिन्न असूनही पट्टे माशीच्या लेखी ‘समतेज’ झालेले असतात. यामागुची, डेप्लान, हायझेनबर्ग आदींनी २००८ मध्ये दाखविले की, आर-७ व आर-८ यांचे कार्य बंद केले तरी हा बिंदू सरकत नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र या वळण-प्रतिसादापुरता होता. ती मर्यादा अध्यापनात गळून पडली, हा दोष आपला.

आतील पेशींचे संदेशही गतिवेदनास साहाय्य करतात, असे २०१२ मध्ये वॉर्डिल, युसोला व सहकाऱ्यांना आढळले. लाँगडेन, रायझर आदींचे २०२३ मधील संशोधन अधिक उद्बोधक आहे. माशीच्या मेंदूत उजळत सरकणारी कड टी-४ पेशी टिपतात, काळवंडत सरकणारी कड टी-५ पेशी. यांपैकी उजळण्याचा मार्ग अतिनील प्रकाशास अधिक संवेदनशील असल्याचे दिसून आले.

आता हिरव्या पार्श्वभूमीवर एक अतिनील चकती जवळ येत आहे, अशी कल्पना करावी. चकतीची कड पसरत जाते. समतेजाच्या आसपास पहिल्या मार्गास ती उजळताना दिसते. दुसऱ्यास अतिनील कमी जाणवत असल्याने तीच कड काळवंडताना दिसते. दोन्ही मार्ग जागे होतात. याउलट अतिनील पार्श्वभूमीवर हिरवी चकती आल्यास पहिल्या मार्गापुढे काळवंडणारी कड येते, दुसऱ्यापुढे उजळणारी. आणि ती टिपणे त्यांचे कामच नसल्याने दोन्ही मार्ग मूक राहू शकतात.