कापडावरची अक्षरं, छातीवरची चित्रं

मिरजेच्या ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या उरुसात पहिला मान चर्मकार समाजाच्या गलेफाचा, म्हणजे मजारीवर चढवायच्या चादरीचा. त्यानंतर गलेफांची रीघ लागते. काहींवर जरीची वेलबुट्टी असते, काहींवर अरबी अक्षरांत कलमा किंवा कुराणातल्या ओळी. अक्षरं लिहिलेलं कापड या गावाला नवं नाही. तरीही टी-शर्टचा विषय निघाला की सांगली-सातारा पट्ट्यात एक सरधोपट समजूत ऐकू येते: इस्लामला कपड्यावर काहीच चालत नाही, ना चित्र, ना नाव, ना घोषणा. ही समजूत फक्त इतरांची नाही. मॅरेथॉनचा, कंपनीचा किंवा फुटबॉल संघाचा टी-शर्ट हाती आला की मुसलमान घरांतही घालावा की नाही यावर खल होतो, आणि त्यात ऐकीव गोष्टीच जास्त असतात.

अक्षरांपासूनच सुरुवात करू. कपड्यावर मजकूर ही आजच्या छपाईवाल्यांची कल्पना नव्हे. अब्बासी आणि फातिमी खलिफांच्या काळात खास कारखान्यांतून ‘तिराझ’ नावाचं कापड विणलं जाई. बाहीच्या पट्टीवर खलिफाचं नाव आणि त्याच्यासाठी दुवा. दरबारात मानाचा पोशाख म्हणून ते दिलं जाई. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’त या प्रथेची नोंद केली आहे. राजचिन्ह अंगावर मिरवण्याची ही रीत आजच्या बोधचिन्हाहून फार दूरची नाही. त्याहून नवल वाटावं असे अंगरखे हिंदुस्थानात तयार झाले. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या या सुती अंगरख्यांवर शाईने आणि सोन्याने बारीक अक्षरांत कुराण लिहिलेलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक अंगरखा आहे. तो रोज वापरायचा कपडा नव्हता, संकटात रक्षण व्हावं या श्रद्धेने लिहिलेला होता. अशा वापराला हरकत घेणारे आलिम, म्हणजे धर्मपंडितही आहेत. पण ‘इस्लाममध्ये कपड्यावर लिहिणं कधी नव्हतंच’ हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

मग आक्षेप कशाला असतो? पवित्र मजकुराची अवहेलना होण्याला. अल्लाहचं नाव किंवा आयत छापलेला सदरा घालून शौचालयात जाणं, तो मळक्या कपड्यांत टाकणं, त्यावर बसणं, हे बहुतेक आलिमांना नापसंत आहे. २००७ मध्ये अफगाणिस्तानातल्या खोस्त भागात अमेरिकी सैन्याने मुलांसाठी हेलिकॉप्टरमधून फुटबॉल टाकले. त्यांवर इतर देशांच्या झेंड्यांबरोबर सौदी अरेबियाचा झेंडाही छापला होता आणि त्या झेंड्यावर कलमा आहे. चेंडू लाथाडायचा असतो हे देणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि लोक रस्त्यावर उतरले.

याच्या उलट्या टोकाची घटना लाहोरच्या इछरा बाजारातली, फेब्रुवारी २०२४ ची. एका महिलेच्या कुर्त्यावर अरबी अक्षरांची नक्षी होती. ती कुराणाची आयत आहे असं कोणीतरी ओरडलं आणि जमाव चालून आला. पोलीस अधिकारी सैयदा शहरबानो नक्वी यांनी गर्दीतून वाट काढत तिला बाहेर नेलं. कुर्त्यावर होता ‘गोड, सुंदर’ अशा अर्थाचा साधा अरबी शब्द. अरबी लिपीत भाजीचे भावही लिहिले जातात. तरीही माफी मागावी लागली ती त्या महिलेलाच. हा अन्यायच होता, आणि तो अज्ञानातून झाला.

चित्र आणि मजकूर किती लवकर पेट घेतात हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल उसळली. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीवर गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी कपड्याचा संबंध नव्हता. पण ‘त्यांना हे चालत नाही’, ‘हे मुद्दाम केलं’ अशा अर्धवट माहितीवर जिथे माणसं मरतात, तिथे नेमका नियम काय आहे हे नीट सांगणं गरजेचं ठरतं.

चित्रांबद्दलची समजूत तर फारच ढोबळ आहे. ‘इस्लाममध्ये चित्रच हराम’ असं सर्रास म्हटलं जातं. मुळात आक्षेप आहे तो जानदारांच्या, म्हणजे माणसं आणि प्राणी यांच्या चित्राला. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्याकडे एक चित्रकार पोटापाण्याचा प्रश्न घेऊन आला, तेव्हा झाडं आणि निर्जीव वस्तू काढ, असं त्यांनी सांगितल्याची हदीस (परंपरेने आलेली नोंद) आहे. म्हणजे डोंगर, फुलं, रेघा, आकडे यांचा प्रश्नच उरत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या टी-शर्टवरचा डोंगर मशिदीतही चालतो.

जानदारांच्या चित्रांबाबतही सगळे एका सुरात बोलत नाहीत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता. पैगंबरांनी तो उतरवला, आणि त्याच कापडाच्या उश्या झाल्या. समोर टांगलेलं चित्र आणि टेकायच्या उशीवरचं चित्र यांत फरक करण्याचा आधार फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, इथे शोधला. दुसऱ्या एका हदीसमध्ये चित्र असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत असं सांगणाऱ्या जैद बिन खालिद यांच्याच घरी चित्रांचा पडदा दिसतो. भेटायला आलेला माणूस बुचकळ्यात पडतो, तेव्हा सोबतचा त्याला आठवण करून देतो की कापडावरची नक्षी वगळून हे सांगितलं होतं. या चार शब्दांच्या अपवादावर शतकानुशतकं चर्चा झाली. मालिकी परंपरेतल्या अनेकांनी मूर्ती हराम आणि सपाट चित्र फक्त मकरूह (नापसंत) मानलं. छायाचित्र आलं तेव्हा इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी ते निर्मिती नसून सावली धरून ठेवणं आहे, म्हणून जायज, असं लिहिलं. देवबंदच्या अनेक आलिमांना ते पटलं नाही.

आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान सुन्नींच्या हनफी विचारशाखेचे आहेत. घाट उतरून कोकणात गेलं की शाफई शाखेचे भेटतात. हनफी मत असं, की जानदाराचं ठसठशीत चित्र असलेला कपडा घालून नमाज पढणं मकरूह आहे, ती नमाज पुन्हा अदा करावी. ‘नमाज झालीच नाही’ असं मात्र हनफी ग्रंथ म्हणत नाहीत. उभ्याने पाहिल्यास अवयव ओळखू येणार नाहीत इतकं बारीक चित्र असेल, तर नमाजेपुरती त्यात सूट आहे. खिशाजवळच्या बोधचिन्हातली इवलीशी मगर किंवा घोडेस्वार यांवरचा वाद त्यामुळे वाटतो तितका मोठा नाही. महत्त्वाचं म्हणजे हा नियम चित्र कोणाचं आहे हे पाहून बदलत नाही. वाघ असो, सिनेनट असो की एखादा राजा, कसोटी एकच. एखादा नमाजी चित्राचा सदरा बदलून मशिदीत जात असेल, तर त्या चित्रातल्या व्यक्तीचा तो अनादर करतो असा अर्थ काढणं चुकीचं आहे.

बोधचिन्हांबाबत सगळ्यात जवळची हदीस क्वचितच सांगितली जाते. पैगंबरांचे सोबती अबू जहम यांनी भेट दिलेली नक्षीची चादर अंगावर घेऊन पैगंबरांनी नमाज पढली, आणि नंतर ती परत पाठवून त्यांच्याकडून साधी चादर मागवली. नक्षीने लक्ष विचलित केलं, एवढंच कारण. नक्षी निषिद्ध आहे असं ते म्हणाले नाहीत. पाठीवर मोठ्या अक्षरांतली घोषणा असेल तर मागच्या रांगेतला नमाजी ती वाचत राहतो, म्हणून मशिदीत साधे कपडे घाला, हा सल्ला इथूनच येतो.

फुटबॉलवेड्या कोल्हापूरच्या शेजारी राहणाऱ्यांना मलेशियातली बातमी आठवत असेल. २०१० मध्ये तिथल्या जोहोर आणि पेराक राज्यांतल्या आलिमांनी मँचेस्टर युनायटेडच्या चिन्हातला सैतान, काही संघांच्या चिन्हांतले क्रूस आणि मद्याच्या जाहिराती यांवर आक्षेप घेतला. ‘मुसलमानांना जर्सीबंदी’ असे मथळे झाले. आलिमांचं ते मत होतं, कायदा नव्हता. फतवा हा विचारलेल्या प्रश्नाला आलिमाने दिलेला सल्ला असतो. भारतात त्याला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. क्रूसाबाबतही आक्षेप धर्मचिन्हापुरताच आहे, एकमेकींना छेदणाऱ्या प्रत्येक दोन रेघांना नाही. १८९४ च्या वानलेस रुग्णालयापासून दवाखान्यांचं गाव झालेल्या मिरजेत लाल अधिकचिन्ह पाहून कोणी बिचकत नाही.

मद्याच्या जाहिरातीचं प्रकरण मात्र खरोखर कडक आहे. दारू पिणाऱ्याबरोबर ती गाळणारा, वाहणारा, विकणारा अशा दहा जणांना दोष देणारी हदीस आहे. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू हाशिम आमला याने बिअरचं चिन्ह नसलेली जर्सी घातली. २०१३ मध्ये फवाद अहमदला ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने तशीच मुभा दिली. त्याच वर्षी न्यूकॅसल संघाचा फुटबॉलपटू पापिस सिसे याने सावकारी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या नावाला व्याजामुळे आधी नकार दिला आणि पुढे तीच जर्सी घातली. माणसं नियमाशी झगडतात, तडजोड करतात, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं.

घोषणेला इस्लाममध्ये वेगळी बंदी नाही. मजकूर अश्लील, अपमानकारक किंवा खोटा नसावा, ही बोलण्याला असलेली अटच कपड्यालाही लागते. डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू उस्मान ख्वाजा याच्या बुटांवर ‘सगळे जीव समान’ या आशयाचे शब्द होते. त्यांना अडवलं ते आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमाने, कोणा मौलवीने नव्हे.

राहिला महागड्या नाममुद्रांचा प्रश्न. त्यावर वाद सगळ्यात कमी होतो, खरं तर तो जास्त व्हायला हवा. लोकांनी पाहावं, नाव घ्यावं म्हणून कपडा घालणाऱ्याला कयामतीच्या दिवशी अपमानाचा पोशाख मिळेल, अशी हदीस अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. इथे बोट ठेवलं आहे ते मिरवण्यावर. जुन्या भाष्यकारांनी या इशाऱ्यात उंची वस्त्रांबरोबर दुसराही एक पोशाख बसवला: आपण किती साधे, किती धार्मिक आहोत हे लोकांना दिसावं म्हणून मुद्दाम घातलेले फाटके कपडे.