गरुड परत आला. पण जमाखर्च कोणाच्या नावावर?

एखाद्या मुलखातून पक्षी नाहीसा झाला, तर त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. ना तलाठी, ना कोतवाल. पण स्कॉटलंडमधील पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाच्या बाबतीत अशी नोंद सापडते. १९१६ साली स्काय बेटावर त्याचे शेवटचे घरटे होते. १९१८ साली शेटलंड बेटांमध्ये उरलासुरला शेवटचा पक्षीही बंदुकीने टिपण्यात आला. खाते बंद झाले.

हा पक्षी काही लहानसहान नव्हे. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फूट भरतात. त्या मुलखातील जुन्या गेलिक भाषेत त्याचे जे नाव आहे, त्याचा अर्थ ‘सूर्यासारख्या डोळ्याचा गरुड’ असा होतो. मासे, समुद्रपक्षी, ससे आणि मेलेली जनावरे हे त्याचे अन्न. मेंढ्यांची कोकरे उचलतो म्हणून जमीनदारांनी आणि त्यांच्या शिकारराखणदारांनी त्याला गोळ्या घातल्या, विष घातले. छंदी लोकांनी त्याची अंडी चोरून कपाटात मांडली. आपल्या कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसतो, तो याच कुळातला.

आता कोणी विचारील, एवढ्या लांबच्या पक्ष्याची उठाठेव आम्ही का करावी? वाचकहो, याचे कारण पुढे आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचे बेट आहे. तेथे शेकडो माणसे पिढ्यान् पिढ्या नांदत होती. १८२६ साली त्यांपैकी सुमारे ३०० माणसांना जहाजात बसवून कॅनडाला धाडण्यात आले. गुन्हा काय? माणसांच्या खंडापेक्षा मेंढीच्या लोकरीत पैसा जास्त होता! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभर वर्षे डोंगराळ स्कॉटलंडमध्ये हेच चालले होते. घरांची छपरे जाळली गेली, गावेच्या गावे उठली. म्हणजे ज्या मेंढ्यांसाठी गरुड मारला गेला, त्याच मेंढ्यांसाठी आधी माणूस हाकलला गेला. पुढे रम बेट गिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या एका घराण्याचे शिकारीचे रान बनले आणि १९५७ साली ते सरकारच्या निसर्गरक्षण खात्याकडे आले.

याच बेटावर गरुड परत आणण्याचे ठरले. त्याआधी १९५९ आणि १९६८ साली इतरत्र मूठभर पक्षी सोडून पाहिले होते. ते प्रयत्न फसले. तीन-चार पक्ष्यांनी वंश उभा राहत नाही. मग १९७५ ते १९८५ या काळात नॉर्वेमधून ८२ पिल्ले आणली. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांतून ती आली. नॉर्वेतही पूर्वी हा पक्षी मारणाऱ्याला बक्षीस मिळे; १९६८ साली त्याला तेथे कायद्याचे संरक्षण मिळाले, म्हणून तर दुसऱ्याला देण्याइतके पक्षी शिल्लक होते.

हा गरुड पाच वर्षांचा झाल्यावर जोडी जमवतो. त्यामुळे कागदावर वर्षानुवर्षे खर्चच खर्च, जमा काही नाही. अखेर १९८५ साली शेजारच्या मल बेटावर एक पिल्लू घरट्यातून उडाले. एकच! पण सुमारे सत्तर वर्षांत ब्रिटनमध्ये जन्मून आकाशात गेलेले ते पहिले पिल्लू होते. त्यानंतर १९९३ ते १९९८ मध्ये आणखी ५८ पिल्ले सोडली, २००७ पासून पूर्व किनाऱ्यावरही सोडली. आज स्कॉटलंडमध्ये १५० हून अधिक जोड्या आहेत. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर २०१९ पासून पिल्ले सोडली गेली आणि २०२३ साली सुमारे २४० वर्षांनी त्या देशात पहिले पिल्लू वाढले.

आता होड्यांकडे वळू. स्काय बेटावरील पोर्ट्री बंदरातून आणि मल बेटावरील उल्वा फेरीच्या धक्क्यावरून लहान बोटी पर्यटकांना घेऊन निघतात. कड्याखाली बोट थांबते. बोटीवाला पाण्यात मासा टाकतो. गरुड कड्यावरून झेप घेतो, पंजे पुढे करतो आणि बोटीपासून काही हातांवर मासा उचलून नेतो. ज्यांचे आजे-पणजे मासेमारीवर जगले, त्यांच्यापैकी काहींची चूल आता पाहुण्यांच्या तिकिटावर पेटते.

आम्ही पडलो हिशेबाच्या वह्या भरणारे. म्हणून जमेची बाजू पाहिली. २०११ साली तेथील पक्षीसंरक्षण संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरुड पाहायला येणारे लोक एकट्या मल बेटावर वर्षाला ५० लाख पौंडांपर्यंत खर्च करतात आणि त्यावर ११० माणसांचा रोजगार चालतो, असे त्यात म्हटले आहे. सुमारे ३,००० वस्तीच्या बेटाला ही रक्कम थोडी नाही. घरटे दाखवण्याच्या उपक्रमातील काही पैसा बेटावरील स्थानिक कामांनाही दिला जातो.

पण प्रत्येक वहीला दुसरी बाजू असते. ज्याच्या डोंगरावरून कोकरू गेले, त्याची बोट नाही, त्याचे हॉटेल नाही. तेथे कुळहक्काने थोडी जमीन कसणाऱ्या लहान शेतकऱ्याला ‘क्रॉफ्टर’ म्हणतात. १८८६ च्या कायद्याने त्याच्या पूर्वजांना जमिनीवरून न हाकलण्याची हमी मिळाली. तो म्हणतो, गरुड जिवंत कोकरे नेतो. काही अभ्यासक म्हणतात, नेलेल्यांपैकी बरीच आधीच मेलेली किंवा मरणपंथाला लागलेली असतात. आमचे मत असे की, दोघेही खरे असू शकतात. सगळ्या मुलखाची सरासरी काढली तर नुकसान अल्प दिसते. पण ते दहा शेतकऱ्यांवरच पडले तर त्या दहांचे कंबरडे मोडते. सरासरीने कोणाचे पोट भरत नाही.

आयर्लंडमध्ये हेच घडले. २००७ साली केरी परगण्यात नॉर्वेची पिल्ले उतरली, तेव्हा मेंढपाळांनी विमानतळावर निदर्शने केली. पुढे काही गरुड विष खाऊन मेले. स्कॉटलंडमध्ये उशिरा का होईना, शेतकरी, सरकारी खाते आणि पक्षीप्रेमी एका टेबलाशी बसले. बाधित शेतकऱ्यांना मेंढ्यांची देखभाल वाढवण्यासाठी आर्थिक मदत देण्याची योजना सुरू झाली. हे आधी झाले असते, तर कटुता कमी झाली असती.

उल्वाची गोष्ट तर लक्षात ठेवण्याजोगी. या बेटावर एकेकाळी सुमारे ६०० माणसे होती. १८४० च्या दशकात नव्या मालकाने बहुतेकांना हुसकावले. २०१८ साली तेथे दहा माणसेही उरली नव्हती. त्या वर्षी जमीन सुधारणा कायद्याच्या आधाराने आणि सरकारी निधीच्या मदतीने स्थानिकांच्या संस्थेने ते बेटच विकत घेतले. हेतू एकच, तेथे पुन्हा माणसे नांदावीत. गरुडाला विमानाने परत आणले. माणसाला परत येण्यासाठी कायदा लागला. दोन्ही परतणी एकाच पाण्यावर घडत आहेत, हे आम्हाला मोलाचे वाटते.

आता आपल्याकडे पाहू. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे पटापट मेली. गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद झाले; २०२३ साली आणखी दोन औषधांवर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडे विदर्भात पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली. सवय झाल्यावर अंगावर यंत्र बसवून त्यांना आकाशात सोडण्यात आले.

मेलेली गुरे ओढण्याचे काम गावाने आपल्या समाजावर लादले होते. ते आपण झुगारले, आणि ते योग्यच केले. गावाची सफाई ही गावाची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे, जातीची नव्हे. त्या सफाईत गिधाडाचा वाटा मोठा होता आणि त्याने तो कोणाला हीन न ठरवता उचलला. म्हणून त्याच्या परतण्यात आपल्यालाही रस असायला हवा.

आपण काय करू शकतो? गावात पशुवैद्य आले की ‘मेलॉक्सिकॅम द्या, बंदी घातलेले औषध नको,’ एवढे म्हणता येते. ते औषध गिधाडांना घातक नाही. ग्रामसभेत मृत जनावरांच्या जागेचा प्रश्न मांडता येतो. आणि उद्या आपल्या तालुक्यात पक्षी दाखवायला गाड्या, होड्या सुरू झाल्या, तर वल्हे कोणाच्या हाती, तिकिटाचा पैसा कोणाच्या घरी आणि नुकसान झाले तर भरपाई कोणाला, हे तीन प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावेत. तोंडी आश्वासनाला हिशेबात रकाना नसतो.